साथ वेळेत ओळखण्यासाठी मोबाईल व संगणकाचा वापर : खान्देशातील आरोग्य केंद्रांसाठी मार्गदर्शक

एखाद्या पाड्यावर जुलाबाचा पहिला रुग्ण दिसतो आणि त्यानंतर काही काळाने आरोग्य पथक तिथे पोहोचते. पुढे किती लोक आजारी पडणार हे बऱ्याच अंशी या मधल्या काळावर ठरते, आणि डिजिटल साधनांकडून अपेक्षा ठेवायची ती हा काळ कमी करण्याची. साथ आपोआप ओळखून देणारे यंत्र म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर निराशा ठरलेली आहे. लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून फ्लूचा अंदाज बांधणारी ‘फ्लू ट्रेंड्स’ ही सेवा गूगलने २००८ मध्ये सुरू केली होती. २०१२-१३ च्या हंगामात तिचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच फुगलेले निघाले आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. गूगलची ही गत, तर प्राथमिक आरोग्य केंद्राने चकचकीत डॅशबोर्डाच्या मागे लागण्यापेक्षा आपली रोजची नोंद नेटकी ठेवलेली बरी.

पुढील मांडणी वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेवक-सेविका आणि डेटा एंट्री करणारे कर्मचारी यांच्यासाठी आहे. ग्रामपंचायतीलाही तिच्यातला पाण्याचा व डासांचा भाग उपयोगी पडेल.

आधीपासून हाताशी असलेली व्यवस्था

एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प देशात २००४ मध्ये सुरू झाला. त्याची माहिती आता ज्या मंचावर भरली जाते तो आयएचआयपी (इंटिग्रेटेड हेल्थ इन्फर्मेशन प्लॅटफॉर्म) हा मंच ५ एप्रिल २०२१ रोजी देशभर लागू झाला. पूर्वी आठवड्यातून एकदा वर जाणारा अहवाल त्यामुळे रोज भरता येऊ लागला. अर्ज तीनच आहेत. लक्षणांवरून आरोग्य कर्मचारी भरतात तो ‘एस’, तपासणीनंतर संशयित निदानावरून वैद्यकीय अधिकारी भरतात तो ‘पी’ आणि प्रयोगशाळेच्या निष्कर्षाचा ‘एल’. एकाच गावातून या तिन्ही वाटांनी येणारी माहिती शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागली, तर अर्धे काम झाले. उपकेंद्राच्या ‘एस’ अर्जात जुलाबाचे रुग्ण वाढत असताना केंद्राच्या ‘पी’ अर्जात ते दिसत नसतील, तर लोक उपचारासाठी दुसरीकडे, बहुधा खासगी डॉक्टरकडे किंवा भगताकडे जात आहेत, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

या मंचाला समांतर अशी स्वतःची दुसरी अहवाल-व्यवस्था उभी करू नये. अहवाल मंचावरच जावा. मात्र आपल्या केंद्रापुरते पाहण्यासाठी, पडताळण्यासाठी आणि तपासासाठी एक्सेल किंवा मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये स्वतंत्र तक्ता अवश्य ठेवावा.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी. ‘रुग्ण नाही’ आणि ‘अहवाल नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या उपकेंद्रात दिवसभरात एकही रुग्ण आला नाही, त्यानेही शून्याची नोंद केली पाहिजे; अन्यथा नेटवर्क नसल्याने गप्प राहिलेले गाव आणि खरोखर निरोगी असलेले गाव संगणकाला सारखेच दिसते. सातपुड्यात ज्या गावांतून अहवाल येत नाही, तीच गावे बहुतेक वेळा जास्त काळजीची असतात.

पहिली पायरी : गावे, पाडे आणि लोकसंख्या

सर्वात कंटाळवाणे आणि सर्वात उपयोगी काम हे आहे. केंद्राच्या हद्दीतील प्रत्येक गावाची एकच अधिकृत यादी तयार करावी. तीत शासनाच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतील गावाचा संकेतांक घालावा आणि पाड्यांची नावे वेगळ्या रकान्यात लिहावीत. धडगाव-अक्कलकुवा भागात गाव म्हणजे एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरवर पसरलेले पाडे. सबंध गावाची एकत्र नोंद केली तर एका पाड्यावरची साथ गावाच्या सरासरीत बुडून जाते. शिवाय पाटीलपाडा या नावाचा पाडा एकाहून अधिक गावांत सापडतो, म्हणून गाव आणि पाडा ही जोडी नेहमी एकत्र असावी. ही नावे अर्जात हाताने टाइप करू देऊ नयेत. ती यादीतून निवडायची असावीत. एकाच गावाचे नाव तीन माणसांनी तीन तऱ्हांनी लिहिले की संगणक त्याची तीन गावे करतो.

प्रत्येक पाड्याची लोकसंख्या आणि पाण्याचे स्रोत, म्हणजे विहीर, हातपंप, नळयोजनेची टाकी आणि कोणती वस्ती कोणत्या नळजोडणीवर आहे हे, त्याच तक्त्यात असावे. स्थलांतराचाही एक रकाना ठेवावा. नंदुरबार-धुळ्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा इतर मजुरीला गुजरातेत जातात आणि बरीचशी होळीच्या सुमारास परततात. उलट श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सुरत-मुंबईकडचे भाऊबंद गावी येतात आणि घरोघर माणसे वाढतात. लोकसंख्या वर्षभर एकच धरली, तर या दोन्ही काळांतले प्रमाण चुकते.

दुसरी पायरी : मोबाईलवरील नोंद-अर्ज

तपासाच्या वेळी घरोघर फिरून माहिती घ्यायची, तर ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स यांसारखी मोफत साधने पुरेशी आहेत. नेटवर्क नसताना अर्ज भरून मोबाईलमध्ये साठवता येतो आणि रेंज मिळाली की तो पाठवता येतो, हा त्यांचा आपल्या दृष्टीने मोठा गुण. नर्मदाकाठच्या गावांसाठी तर याला पर्याय नाही.

अर्ज लहान ठेवावा. वय, लिंग, गाव-पाडा, घर क्रमांक, लक्षणे, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, पाण्याचा स्रोत, गेल्या २१ दिवसांतील प्रवास, उपचार कुठे घेतला, नमुना घेतला का, आणि रुग्णाची सद्यःस्थिती, एवढे पुरते. प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र क्रमांक द्यावा. एका पाड्यावर आडनावाने सगळेच पावरा किंवा सगळेच वसावे, आणि त्यांत एकाच नावाची तीन माणसे, हा अनुभव नवा नाही. नावावरून जुळवाजुळव करायला गेले की एकाच रुग्णाचे दोन होतात किंवा दोघांचा एक.

लक्षणे सुरू झाल्याची तारीख हा या अर्जातला सर्वात मोलाचा रकाना. रुग्ण केंद्रात आला ती तारीख वेगळी आणि त्याला पहिला जुलाब झाला ती वेगळी. पण लोक तारखेने बोलत नाहीत. ‘मंगळवारच्या बाजाराला गेलो होतो, त्या रात्रीपासून’, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून’ असे सांगतात. म्हणून गेल्या महिन्याभरातील आठवडे बाजार, सण, लग्ने, गावजेवणे आणि पाण्याच्या पाळ्या यांची तारीखवार यादी अर्जाच्या सुरुवातीलाच टीप म्हणून टाकावी. आशाताईंना त्यावरून तारीख काढणे सोपे जाते. लक्षणांच्या बाबतीतही अहिराणी, पावरी किंवा मावची बोलणारा माणूस काय म्हणतो आणि ते अर्जातल्या कोणत्या चौकटीत बसवायचे, याची एकदा एकत्र बसून उजळणी करून घ्यावी.

अर्जाला काही बंधने घालता येतात, ती अवश्य घालावीत. लक्षणांची तारीख आजच्या पुढची नको, वय ११० च्या वर नको. स्थान नोंदवताना खान्देशचे अक्षांश साधारण २० ते २२ आणि रेखांश साधारण ७३.५ ते ७६.५ यांच्या दरम्यान येतात, त्याबाहेरचे आकडे अर्जाने स्वीकारू नयेत. हे दोन आकडे उलटसुलट भरले, तर चोपड्याचा रुग्ण नॉर्वेच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रात जाऊन पडतो. डोंगराच्या घळीत किंवा पत्र्याच्या घरात मोबाईलचे स्थान भरकटते, तेव्हा अंगणात येऊन, अचूकता १० मीटरच्या आत आल्यावरच नोंद करावी.

तिसरी पायरी : नेहमीचे किती आणि जास्त किती

आपल्या केंद्रात या आठवड्यात जुलाबाचे १५ रुग्ण आले, हे जास्त की कमी, याचे उत्तर आपल्याच जुन्या नोंदवहीत असते. मागील पाच वर्षांतील त्याच आठवड्याचे आकडे तक्त्यात घ्यावेत आणि शक्य असल्यास आधीचा व नंतरचा आठवडाही धरावा. समजा पाच वर्षांचे आकडे ४, ६, ५, ९ आणि ७ असे आहेत. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधला आकडा ६ येतो आणि तिसरे चतुर्थक, म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश आकडे ज्याच्या आत येतात तो आकडा, ७ येते. कॅल्कमध्ये ‘क्वार्टाइल’ हे सूत्र ते क्षणात काढून देते. आठवड्याचा आकडा ७ च्या वर गेला की चौकशी, आणि १५ म्हणजे त्याच दिवशी भेट, असा नियम करता येतो. सरासरीपेक्षा चतुर्थक बरे, कारण एखाद्या वर्षीच्या मोठ्या साथीने सरासरी फुगते. २०२० आणि २०२१ या वर्षांचे आकडे या हिशेबात घेऊ नयेत. कोविडच्या काळात बाह्यरुग्ण विभागात रुग्णांचे येणे-जाणेच विस्कळीत झाले होते.

काही आजारांना असा उंबरठा लावायचाच नसतो. कॉलरा, घटसर्प, किंवा १५ वर्षांखालील मुलाला अचानक आलेला लुळेपणा, यांचा एकच रुग्ण फोन उचलायला पुरेसा आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिलेन-बारे सिंड्रोमचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एका भागातून एकापाठोपाठ येऊ लागले, तेव्हा क्वचित दिसणाऱ्या आजाराचे इतके रुग्ण एकत्र येणे हीच सूचना होती.

चौथी पायरी : आकड्यांच्या आधी येणारी कुणकुण

रुग्ण नोंदवहीत येण्याआधी बातमी गावात फिरत असते. तिला पकडण्याची ठरावीक सोय हवी. आश्रमशाळेतील गैरहजेरी, औषध दुकानातून अचानक वाढलेली ओआरएसच्या पाकिटांची मागणी, खासगी डॉक्टरांचा फोन, स्थानिक वृत्तपत्रातील चौकट, आणि जनावरांचे किंवा कोंबड्यांचे मरणे, ही सगळी या सोयीची तोंडे आहेत. वृत्तपत्रे व वाहिन्यांवरील अशा बातम्यांची छाननी करून त्या पडताळण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर २००८ पासून स्वतंत्र कक्ष काम करतो. तालुक्याच्या पातळीवर ते काम एका माणसाने रोज सकाळी पंधरा मिनिटे केले तरी चालते.

कोंबड्यांचा उल्लेख खान्देशात तरी वाऱ्यावर सोडू नये. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत झाली, आणि २०२१ मध्ये तिथे हा रोग पुन्हा आला. पशुसंवर्धन विभागाचा एक माणूस आपल्या तालुक्याच्या संदेशगटात असणे, ही बिनखर्चाची आणि बऱ्याच ठिकाणी राहून गेलेली व्यवस्था आहे.

व्हॉट्सअ‍ॅप गट कुणकुणीसाठी उत्तम आहे, पण नोंदवही म्हणून अगदी कुचकामी. ‘पाड्यावर सगळे आजारी, साहेब लवकर या’ या संदेशावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘वरचा पाडा. कालपासून ५ जणांना जुलाब-उलट्या, त्यात २ लहान मुले. सगळे शाळेजवळच्या हातपंपाचे पाणी पितात. मृत्यू नाही’ असा संदेश आला, तर औषधे, माणसे आणि पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या घेऊनच गाडी निघते. कुठे, कधीपासून, किती, कोणती लक्षणे आणि समान काय, एवढे पाच मुद्दे गटाच्या वर्णनातच लिहून ठेवावेत. गटावर आलेली प्रत्येक कुणकुण त्याच दिवशी तक्त्यात उतरवावी, तिच्यासमोर ‘खरी’, ‘खोटी’ किंवा ‘तपास चालू’ असा शेरा द्यावा, आणि खरी ठरली तर आयएचआयपीवर घटना म्हणून नोंदवावी.

रुग्णांची नावे, फोटो आणि तपासणीचे अहवाल मात्र गटावर टाकू नयेत. कोविडच्या काळात नावांच्या याद्या गावभर फिरल्या आणि त्यातून घरांवर बहिष्कार पडले. ज्याला नाव फुटण्याची भीती वाटते तो आजार लपवतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. गटावर केवळ रुग्ण क्रमांक जावा आणि नावे असलेली फाइल संकेतशब्दाने बंद असावी.

पाचवी पायरी : रुग्णयादी, आलेख आणि नकाशा

गावात पोहोचल्यावर रुग्ण कोणाला म्हणायचे ते आधी लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, ‘अमुक गावात राहणारी, अमुक तारखेनंतर २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब झालेली व्यक्ती’. मग यादी भरत जावी आणि लक्षणांच्या तारखेप्रमाणे स्तंभालेख काढावा. सगळे रुग्ण काही तासांत आणि एका उंच शिखराने आले, तर एकाच जेवणाकडे किंवा एकाच टाकीकडे बोट जाते. उपवासाच्या दिवशी भगर खाऊन झालेली विषबाधा अशीच दिसते. लहान-लहान लाटा ठरावीक अंतराने येत राहिल्या, तर लागण माणसाकडून माणसाकडे चालली आहे असे समजावे. स्तंभाची रुंदी आजाराच्या अधिशयन काळानुसार, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळानुसार, ठेवावी लागते. कॉलऱ्यात तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो, तिथे अर्ध्या दिवसाचा स्तंभ चालतो. हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ १५ ते ५० दिवसांनी दिसते, तिथे आठवड्याचा स्तंभ घ्यावा. काविळीच्या बाबतीत दूषित पाणी शोधायचे तर महिनाभर मागे जावे लागते. आज केलेली पाणी तपासणी स्वच्छ आली म्हणून जलवाहिनी निर्दोष ठरत नाही. आलेखातील शेवटचे दोन-तीन दिवस नेहमी उतरते दिसतात, कारण त्या दिवसांचे रुग्ण अजून नोंदवले गेलेले नसतात. तेवढ्यावरून साथ ओसरल्याचे जाहीर करू नये.

रुग्णसंख्या नेहमी लोकसंख्येशी ताडून पाहावी. समजा एका वस्तीत २४ रुग्ण आहेत आणि दुसरीत २१. पहिलीची लोकसंख्या १,६०० आणि दुसरीची ४२० असेल, तर पहिलीत लागणीचे प्रमाण दीड टक्का आणि दुसरीत पाच टक्के येते. पथक आधी दुसऱ्या वस्तीत गेले पाहिजे. याच रीतीने पाण्याची तुलना करावी. एका नळजोडणीचे पाणी पिणाऱ्या ६० जणांपैकी १८ आजारी, म्हणजे ३० टक्के, आणि ते न पिणाऱ्या १०० जणांपैकी ५ आजारी, म्हणजे ५ टक्के, असे निघाले तर धोका सहापट ठरतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागेल, पण ती जोडणी बंद करून टँकर लावायला एवढा हिशेब पुरेसा आहे.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यावर रुग्णांची घरे, पाण्याचे स्रोत आणि जलवाहिनी हे तीन थर एकावर एक ठेवावेत. गटाराला छेदून जाणारी गळकी वाहिनी कागदावर महिनोन्महिने दिसत नाही ती इथे दिसते. सभेत किंवा पत्रकारांना दाखवायच्या नकाशात घरांचे ठिपके असू नयेत, वस्तीनिहाय रंग असावेत.

डेंग्यूसाठी तक्त्यात एक छोटे सूत्र उपयोगी पडते. नमुन्याच्या तारखेतून ताप सुरू झाल्याची तारीख वजा करावी. आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधणारी) ही एलायझा रक्ततपासणी करावी, असा शेरा त्या रकान्यात आपोआप उमटवता येतो. आठव्या दिवशी घेतलेल्या नमुन्याची एनएस१ नकारात्मक आली म्हणून ‘डेंग्यू नाही’ असा निष्कर्ष काढला जाणे त्यामुळे टळते.

सहावी पायरी : कारवाईचीही तितकीच काटेकोर नोंद

विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची, हे अंदाजावर सोडू नये. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून तक्त्यात भरावी. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४, म्हणजे पाण्याचे घनमीटर. दर घनमीटरला, म्हणजे १,००० लिटरला, चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर. चार मीटर व्यासाच्या आणि तीन मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण ३७,७०० लिटर पाणी भरते आणि तिला सुमारे ९४ ग्रॅम पावडर लागते. तासाभराने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे रंगावरून दाखवणारी) करावी आणि तिचे वाचन, वेळ व स्थान नोंदवावे. मुदत संपलेली किंवा ओल लागलेली पावडर कितीही टाकली तरी ओटीचा रंग उमटत नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या साठ्याची तारीखही रकान्यात असावी.

खान्देशातील अनेक गावांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येते, त्यामुळे घरोघर हौद, टाक्या आणि पिंपे भरलेली असतात. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. कंटेनर सर्वेक्षणात, म्हणजे पाणी साठवलेल्या भांड्यांच्या तपासणीत, ५० घरे तपासली, ६ घरांत मिळून ९ भांड्यांत अळ्या सापडल्या, तर गृह निर्देशांक (दर १०० घरांमागे अळ्या असलेली घरे) १२ आणि ब्रेटू निर्देशांक (दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी) १८ येतो. हे दोन्ही आकडे मोबाईल अर्जच काढून देऊ शकतो. खरा उपयोग सात दिवसांनी त्याच घरांना पुन्हा भेट देऊन ते घटले का हे पाहण्यात आहे, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. धूर फवारणीचे फोटो अहवालात फार दिसतात. धुराने उडते डास मरतात, हौदातल्या अळ्यांना त्याचा काहीच त्रास होत नाही. त्यामुळे ‘फवारणी झाली’ हा रकाना साथ आटोक्यात आल्याचा पुरावा मानू नये.

लोकांना द्यायच्या सूचना लांबलचक पत्रकाऐवजी एका मिनिटाच्या ध्वनिसंदेशातून, गावच्याच माणसाच्या आवाजात, अहिराणीत किंवा पावरीत द्याव्यात. संदेशात एकच काम सांगावे आणि कोणत्या तारखेपर्यंतचा तो आहे हे म्हणावे, नाही तर मागच्या वर्षीचा संदेश पुढच्या वर्षी फिरत राहतो.

सातवी पायरी : साथ बंद करणे आणि वेळ मोजणे

शेवटच्या रुग्णानंतर त्या आजाराच्या सर्वाधिक अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण आला नाही, म्हणजे साथ संपली असे धरण्याची पद्धत आहे. या काळात रोजची शून्य नोंद चालू राहिली असेल तरच ते ठामपणे म्हणता येते.

नंतर चार तारखा एका ओळीत मांडाव्यात : साथ सुरू झाली ती, आपल्याला कळली ती, वर कळवली ती आणि प्राथमिक उपाय पूर्ण झाले ती. सात दिवसांत ओळख, एका दिवसात सूचना आणि पुढील सात दिवसांत प्राथमिक प्रतिसाद, हे ७-१-७ चे मोजमाप आता जगभर वापरले जाते आणि आरोग्य केंद्रालाही ते सहज लागू पडते. उशीर कोणत्या टप्प्यावर झाला हे त्यातून कळते. ओळखायलाच बारा दिवस लागले असतील तर आशा व खासगी डॉक्टरांकडून येणाऱ्या माहितीकडे लक्ष द्यावे, आणि कळवूनही पावडर दहा दिवसांनी आली असेल तर ग्रामपंचायतीच्या खरेदीकडे.

रुग्णयादीची फाइल बंद करताना तिच्यातील नावांचा रकाना काढून एक प्रत तालुक्याला द्यावी आणि मूळ फाइल केंद्रात सुरक्षित ठेवावी. पाच वर्षांच्या तुलनेच्या तक्त्यात या साथीच्या आठवड्यांना वेगळा रंग देऊन पुढील वर्षीच्या चतुर्थकातून ते वगळावेत, म्हणजे यंदाचे फुगलेले आकडे पुढच्या पावसाळ्यात ‘नेहमीचे’ म्हणून मोजले जाणार नाहीत.